ठोके आहेत, पण हलत नाहीये

“नववा लागला की जागा कमी पडते, बाळ कमीच फिरणार.” दवाखान्यातल्या सिस्टरांचं हे वाक्य आठवलं की आजही मस्तकात तिडीक जाते.

लेक पहिल्या बाळंतपणाला नाशिकला, पंचवटीत आमच्याकडे आली होती. 37वा आठवडा, रिपोर्ट सगळे नॉर्मल. जेवण झालं की डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजायची. दोन तासांत 10 व्हाव्यात असं सांगितलेलं. तिच्या अर्ध्या तासात होत. त्या दुपारी होईनात.

रिक्षा करून गेलो. सिस्टरांनी मशीन लावलं, खोलीभर ठोके घुमले. “140. छान आहेत. डॉक्टर सकाळी येतील, तेव्हा दाखवा.” लेक म्हणाली, “ठोके आहेत, पण हलत नाहीये.” त्यावर ते जागेचं वाक्य आलं. किती चुकीचं! शेवटी शेवटी बाळ लाथा मारण्यापेक्षा कूस बदलल्यासारखं सरकतं, पण हालचाल कमी व्हायला नको. आणि पोट कोणाचं? जी रात्रंदिवस ते वागवते, तिच्या सांगण्याला काहीच किंमत नाही? मी बाकावर ठाण मांडलं. म्हटलं, एनएसटी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, काढल्याशिवाय जाणार नाही.

शेवटी पोटाला दोन पट्टे बांधले. 20 मिनिटांत निदान दोनदा ठोके 15ने वाढून 15 सेकंद टिकायला हवेत. कागद सरकत राहिला, रेघ सपाट. बाळ झोपलं असेल म्हणून 40 मिनिटं ठेवलं. तरी सपाट. मग मात्र त्याच सिस्टर डॉक्टरांना फोन करत धावल्या. सोनोग्राफीत पाणी फार कमी निघालं, रात्रीच सिझर. नातू सव्वादोन किलोचा, पण रडला खणखणीत. त्या रात्री लेकीजवळ सगळ्यात जास्त वेळ बसल्या त्याही याच सिस्टर. राग आहे, तरी त्यांना वाईट म्हणवत नाही.

माझ्या वेळी नर्सबाई पोटाला कर्णा लावून ठोके ऐकायच्या, तेवढ्यावर आम्ही निश्चिंत. हल्ली मुली ठोके ऐकायचं यंत्र घरीच मागवतात. नका मागवू, ठोके ऐकून जीव भांड्यात पडतो आणि वेळ हातची जाते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तिथे जरूर जा. पण बाळ तारीख बघून अडचणीत येत नाही.

गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी प्रत्येक सोनोग्राफी सेंटरला कायद्याने लावावी लागते. तिच्याशेजारी दुसरी लावा, असं मी डॉक्टरांना सांगितलंय: बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्रीसुद्धा या, लगेच तपासू. हो म्हणालेत. अजून लावलेली नाही.