ताण

2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. टँकरचं पाणी विकत घेऊन घातलं तरी कित्येक झाडं गेली. शेवटी कुऱ्हाड लागली आणि बागेचं सरपण झालं. घनसावंगी तालुक्यातल्या एका मास्तरांनी तेव्हा कविता लिहिली. तिच्या पहिल्याच ओळीत झाडं आभाळापुढे हात पसरून उभी होती.

शेजारच्या नानांनी ती ऐकली. दोनशे झाडं त्यांनी स्वतःच्या हातानं तोडलेली. म्हणाले, "सर, हे बागेतलं नाही, एसटी स्टँडवरचं झालं. झाड कुठं हात पसरतं? ताण तर आम्हीच देतो त्याला. त्या साली ताण तोडायला पाणी नव्हतं, एवढंच."

मोसंबीला बहार धरायचा तर आधी पाणी तोडतात. मृग बहारासाठी ऐन एप्रिल-मेमध्ये. झाड मलूल होतं, पानं टाकतं. मग पाणी सोडलं की फुलतं. याला 'ताण देणं' आणि 'ताण तोडणं' म्हणतात. शब्द शेतीचा, पण माणसाच्या जिवातला. तो झाडाला लावताना कुणाला आपण प्रतिमा वापरतोय असं वाटत नाही. मास्तरांनी हात पसरलेली झाडं त्याच रात्री खोडली.

याच तालुक्यातल्या जांबेत 1608 साली रामदास जन्मले. दासबोधाच्या चौदाव्या दशकात त्यांनी कवितेचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगितलेत. मनाला येईल ते दामटून लिहिलं की धीट, पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखं केलं की पाठ. मास्तरांची ओळ पाठ होती, तीही दुसऱ्याच्या वहीतून पाठ केल्यासारखी.

खुद्द रामदासांनी कल्पना वर्ज्य मानली नाही. शिवथरच्या घळीपुढे कोसळणाऱ्या धबधब्याला त्यांनी सरळ गंगा म्हटलंय. काशीची गंगा सह्याद्रीत कुठून येणार? पण पाणी आदळण्याचा, तुषार उडण्याचा नाद त्यांनी शब्दांत असा धरलाय की वाचणारा गंगेवरून हुज्जत घालत नाही. त्याचा कान आधीच भिजलेला असतो. 'आनंदवनभुवनी'मध्ये तर रात्री स्वप्नात पाहिलेलं प्रत्यक्षात घडतंय असं ते सांगतात, आणि कुठली ओळ झोपेतली, कुठली जागेपणीची, याची वाटणी करत बसावंसं वाटत नाही.

मास्तरांनी कविता पुन्हा लिहिली. ताण आला, कुऱ्हाडीखालचं पिवळट लाकूड आलं, अंगणात रचलेली मोळी आली. एक गोष्ट मात्र त्यांनी मनानं घातली: चुलीत ते सरपण पेटतं तेव्हा घरभर मोसंबीच्या फुलांचा वास सुटतो. असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं, कुणाकडून ऐकलंही नव्हतं.

पुढच्या वाचनाला नाना पुढच्याच रांगेत. कविता संपल्यावर ते जागचे उठले नाहीत. मास्तर जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "आमच्याही घरात आला होता तो वास. मृगाचा बहार होता."

घडवून लिहिलंय, हे सांगायला मास्तरांची जीभ रेटली नाही. घरी आल्यावर त्यांनी परसातल्या ढिगातून मोसंबीची एक काटकी उपसली, चुलीत सारली आणि नाक पुढे केलं. डोळ्यांत धूर गेला. ओळ त्यांनी तशीच ठेवली.