चकतीतली साखर

४ जुलै
लघवीच्या कल्चरच्या प्लेटा वाचताना पहिल्या वर्षाची रेसिडेंट एका प्लेटपाशी अडली. ई. कोलाय. फॉस्फोमायसिनच्या चकतीभोवती चांगलं २४ मिलिमीटरचं वर्तुळ, पण त्या मोकळ्या जागेत टाचणीच्या डोक्याएवढ्या काही वसाहती उगवलेल्या. "मॅडम, कंटॅमिनेशन?" नाही, उचलून वेगळ्या लावल्या तरी ई. कोलायच निघतात. युरोपीय नियमावली सांगते, या सुट्या वसाहती सोडा, बाहेरची कड मोजा. तिला ते पटेना. औषधाच्या नाकावर टिच्चून वाढलेला जंतू मोजायचाच नाही?

शंका रास्त आहे. पण हे औषध आत शिरतं कसं, ते आधी बघायला हवं. १९६९ साली स्पेनमधल्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून हाती लागलेला हा इवलासा रेणू जंतूच्या अन्नवाहकांतून आत जातो. जीएलपीटी हा वाहक ग्लिसरॉल-३-फॉस्फेट ओढतो, यूएचपीटी ग्लुकोज-६-फॉस्फेट. त्यांना वाटतं खाऊ आला. आत गेलेलं औषध पेशीभित्तिका बांधण्याची पहिलीच पायरी रोखतं. वर्तुळातल्या वसाहतींनी बहुधा यांतला एखादा वाहक बंद पाडलेला असतो. औषध अडलं, पण त्या वाटेचं खाद्यही अडलं, आणि असे जंतू सहसा सावकाश वाढतात. प्लेटवर प्रतिरोध इतका सहज दिसतो आणि रुग्णात तितका दिसत नाही, त्याचं हे एक कारण.

५ जुलै
चकत्यांची नवी पाकिटं आली. रेसिडेंटला लेबल वाचायला लावलं: २०० मायक्रोग्रॅम औषध आणि सोबत ५० मायक्रोग्रॅम ग्लुकोज-६-फॉस्फेट. ती साखर कशाला? बाहेर ती असल्याची खूण मिळाल्याशिवाय जंतू यूएचपीटी पुरेसा बनवतच नाही. साखर वगळली, तर औषधाला बळी पडणारा जंतूही रेझिस्टंट वाटू शकतो.

९ जुलै
जर्नल क्लबमध्ये सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक. सगळे शोधनिबंध ट्रोजन घोड्यावर बसून येतात. आमच्या एका पोराने लाल महालात वरातीच्या आडून शिरलेल्या मावळ्यांची आठवण करून दिली. मला ते जास्त आवडलं.

आपल्या शरीरात लोह मोकळं असं जवळजवळ नसतंच. ट्रान्सफेरिनसारखी प्रथिनं ते धरून ठेवतात. म्हणून जंतू सिडेरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतात, ते लोह पकडतात आणि बाह्य आवरणातले खास ग्राहक त्यांना आत घेतात. जपानच्या शिओनोगी कंपनीने सेफॅलोस्पोरिनला तसाच लोह धरणारा कॅटेकॉल गट जोडला. अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली.

चाचणीत मात्र फॉस्फोमायसिनच्या उलट कारभार. तिथे खाद्य घालायचं, इथे काढून घ्यायचं. म्युलर-हिंटन ब्रॉथमधलं लोह रेझिनने गाळून दर मिलिलिटरला ०.०३ मायक्रोग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणायचं, मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त परत घालायचं. लोहाने पोट भरलेला जंतू ग्राहक आवरतो आणि औषध दाराबाहेर राहतं. भुकेला जंतूच खरा निकाल देतो.

पोरं खूश होती, म्हणून क्रेडिबल-सीआर चाचणीचा तक्ता मुद्दाम लावला. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या संसर्गांत सेफिडेरोकॉल घेतलेल्या १०१ पैकी ३४ रुग्ण दगावले, उपलब्ध सर्वोत्तम उपचार घेतलेल्या ४९ पैकी ९. फरक मुख्यतः अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या रुग्णांत होता. कारण अजून वादातच आहे. औषध आत शिरणं आणि रुग्ण वाचणं यांत बरंच अंतर असतं, आणि युक्तीच्या कौतुकात हा तक्ता शेवटच्या स्लाइडवर ढकलणं मला पटत नाही. शिवाय कार्बापेनेम तोडणारं एनडीएम एन्झाइम असलेले जंतू आपल्या वॉर्डांत मुबलक. ते एन्झाइम आणि सीआयआरए या लोहग्राहकातला बिघाड एकाच जंतूत जमले, की हे औषधही लंगडं पडतं.

१० जुलै
खाद्याच्या वेषात आत शिरण्याची ही युक्ती माणसाची नाहीच. अल्बोमायसिन हे असंच लोहाची झूल पांघरलेलं नैसर्गिक प्रतिजैविक, पन्नासच्या दशकात सोव्हिएत रशियात गाउझे यांच्या चमूला सापडलेलं. हेच ते गाउझे, ज्यांचा स्पर्धेचा नियम परिसरशास्त्रात शिकवतात. एकाच खाद्यावर दोन जाती फार काळ नांदत नाहीत म्हणणाऱ्या माणसाच्या हाती खाद्याच्या रूपातलं विष यावं, याची मला गंमत वाटते.

१४ जुलै
सर्जरीच्या रजिस्ट्रारचा फोन. "मॅडम, लघवीत क्लेबसिएला आहे, बाकी सगळं रेझिस्टंट. फॉस्फोमायसिनची चकती लावून द्या ना, तीन ग्रॅमचं पाकीट देऊन टाकतो."

चकती लावणं सोपं आहे. पण क्लेबसिएलाकडे बहुधा जन्मजात एफओएसए एन्झाइम असतं. औषध वाहकातून आत गेलं तरी ते त्याला निकामी करतं. आम्ही वापरतो त्या सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या तक्त्यात १६ मिलिमीटरचं माप लघवीतल्या ई. कोलाय आणि एन्टेरोकॉकस फीकॅलिसपुरतं दिलं आहे. क्लेबसिएलाचं वर्तुळ मोजून त्यापुढे 'सेन्सिटिव्ह' लिहायला मला आधार नाही. वॉर्डातल्या मंडळींनी कृपया तो आग्रह धरू नये.