अब्बांच्या डोळ्यातील नळी

तुमच्या घरात चाळीस वर्षांवरील कोण कोण आहेत? त्यांचे डोळे शेवटचे कधी तपासले होते? आज घरी गेल्यावर हा प्रश्न जरूर विचारा. मी तो वेळेवर विचारला नाही.

माझे अब्बा मालेगावात यंत्रमाग चालवत. तुटलेला धागा त्यांना दुरूनच दिसे. पुढे ते चालताना दाराच्या चौकटीला धडकू लागले. आम्ही हसून म्हणायचो, "अब्बा, लक्ष कुठे आहे?" डोळा दुखत नव्हता, म्हणून कोणी दवाखान्यात गेले नाही. गेलो तेव्हा उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ संपली होती. डॉक्टर म्हणाले, "हा काचबिंदू आहे." उर्दूत आपण त्याला काला मोतिया म्हणतो. मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही.

असे का होते? आपल्या डोळ्यात एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर जातो. ही वाट अडली की डोळ्यातील दाब वाढतो. हा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. तो वाढला की मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकते.

डाव्या डोळ्यासाठी थेंब सुरू झाले. रमजान आला. रोजा तुटेल या भीतीने अब्बांनी महिनाभर दिवसाचे थेंब घातले नाहीत आणि आम्हाला सांगितलेही नाही. ईदनंतर तपासले, तर दाब ३४! मौलानासाहेब म्हणाले, "डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही. मला आधी विचारायचे होते." पुन्हा थेंब सुरू केले, एक शस्त्रक्रियाही झाली, पण दाब पुरेसा उतरला नाही. तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यात नळी बसवायचे ठरवले.

डॉ. अँथनी मोल्टेनो यांनी १९६९ साली चकती जोडलेली अशी नळी जगापुढे मांडली. अब्बांना बसवलेली नळी आपल्याच देशात, मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये बनली होती. परदेशी नळीपेक्षा ती स्वस्त, म्हणून आम्हाला परवडली. नळीचे एक टोक डोळ्याच्या पुढच्या भागात असते. दुसरे टोक मागे, पापणीखाली लपलेल्या चकतीला जोडलेले असते. जादा द्रव तेथे जातो आणि शरीरात मुरतो. नळी उघडी पडू नये म्हणून तिच्यावर नेत्रदानातून मिळालेला एक पातळ तुकडा शिवला होता. तो कोणाचा, हे आम्हाला ठाऊक नाही. अम्मी आजही त्या अनोळखी माणसासाठी दुआ मागते.

दाब एकदम उतरणेही धोक्याचे असते. म्हणून नळी आधी विरघळणाऱ्या टाक्याने बांधून ठेवतात. तो टाका विरघळायला सुमारे सहा आठवडे लागतात. ते दिवस आम्ही मोजून काढले. सातव्या आठवड्यात दाब १४ झाला.

अब्बांचा उजवा डोळा परत आला नाही. डाव्या डोळ्याने ते रोज उर्दू वर्तमानपत्र वाचतात. काचबिंदू एकाच घरात अनेकांना होऊ शकतो, म्हणून मीही दरवर्षी डोळे तपासून घेतो.

मित्रांनो, काचबिंदू येताना आवाज करत नाही. घरातले कोणी चौकटीला धडकले, तर हसू नका. त्यांचा हात धरा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या.