एकच नग

मराठीतला 'नग' हा शब्द मोठा लबाड आहे. दुकानदाराच्या तोंडी त्याचा अर्थ एक वस्तू, आणि बायकोच्या तोंडी त्याचा अर्थ नवरा. आमच्या घरी तो बहुधा दुसऱ्या अर्थाने ऐकू येतो, विशेषतः रविवारी, मी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर काढीत बसलो म्हणजे. पोटासाठी शाळेत शिकवतो, मनासाठी कादंबऱ्या लिहितो; आणि या दोहोंपैकी कशासाठीही नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची खटपट करतो.

हौशी माणसाची गरज नेहमी एका नगाची असते. कारखानदार रिळाने माल उचलतो; तिळाएवढे रेझिस्टर एकेका रिळात पाच-पाच हजार असतात. आम्हांला त्यांतले चार हवे असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ते चार मिळतात, म्हणून तर आमच्यासारख्यांची ती तीर्थक्षेत्रे!

२०२१ साली मात्र या एका नगाचे हाल कुत्रा खाईना. आदल्या वर्षी टाळेबंदीत मोटारी कोण घेणार, म्हणून मोटार कंपन्यांनी चिप्सच्या मागण्या कमी केल्या. घरी बसलेल्या जगाने इकडे संगणक घेतले आणि कारखाने त्या कामाला जुंपले गेले. मोटारींना पुन्हा गिऱ्हाईक आले, तेव्हा रांगेत जागा उरली नव्हती; आणि चिप म्हणजे काही भजी नव्हे, ती तयार व्हायला महिनेच्या महिने लागतात. त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये जपानातला नोबेओकाचा कारखाना जळाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासचे कारखाने थंडीने बंद पडले आणि मार्चमध्ये जपानातच नाका येथे आग लागली. घरी मी म्हटले, "चिप्स मिळत नाहीत." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बटाटे महागले का रे?"

टंचाईची बातमी टंचाईपेक्षा वेगाने पसरते. ज्याला शंभर हवे त्याने तीनशे मागितले, तेही तीन ठिकाणी. लहानपणी रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या आमच्या पिढीला यात नवल वाटले नाही. मोठे वितरक ५२ आठवड्यांचा वायदा करू लागले. तेवढ्या काळात शाळेतले मूल पास होऊन पुढच्या वर्गात जाते! काही ठिकाणी जुन्या चिप्सवरची अक्षरे खरवडून नवी छापलेला खोटा मालही खपू लागला.

२०२२ च्या मे महिन्यात मला असाच एक नग हवा होता, पण माझ्यासाठी नव्हे. सांगलीजवळ कृष्णेकाठी राहणारा माझा नववीतला एक विद्यार्थी पाण्याची घंटा करीत होता. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत त्यांच्या घरात पाणी शिरले होते. नदी चढू लागली की घरातले कोणीतरी रात्रभर बॅटरी घेऊन पायरीवर बसे. बहुधा त्याची आई. तिला झोपता यावे, एवढाच त्या यंत्राचा उद्देश. त्याने कागदावर आखणी केली होती, आणि तिला हवी होती ती २८ पायांची चिप, एटीमेगा ३२८. सांगलीत नन्नाचा पाढा. शेवटी आम्ही दोघे एस.टी.ने पुण्याला गेलो.

माझ्या ओळखीच्या दुकानदाराने खण उघडला. अकरा चिप्स होत्या. आमच्या शेजारी शेतीपंपांचे ऑटो-स्टार्टर बनवणारे एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "शेठ, अकराच्या अकरा द्या. म्हणाल तो भाव देतो." माणूस लोभी नव्हता. चाळीस स्टार्टर एकेका चिपेवाचून त्यांच्याकडे अडून पडले होते, आणि दोन कामगारांना त्यांनी घरी बसवले होते.

"दहा घ्या," दुकानदार म्हणाले, "एक या मुलाची. नेहमीच्याच भावाने."

मी मनातून सुखावलो. पोरगा मात्र चिपेकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, माझं तीन तारांवर भागेल. तीन उंचीवर तीन तारा, तीन ट्रान्झिस्टर, तीन भोंगे. पाणी लागलं की वाजेल. ही त्यांना देऊ या."

यंत्र तेच, काम तेच. फक्त ऐट थोडी कमी. मोटारीच्या कारखान्याला असा बेत उभ्या-उभ्या बदलता येत नाही. त्याची एक चिप अडली की गाडीच अडते. हौशी माणसाला ते जमते. बाजारात त्याच्याइतका दुबळा कोणी नसतो, आणि त्याच्याइतका मोकळाही.

गृहस्थांनी ट्रान्झिस्टर, भोंगे आणि तार यांचे पैसे हट्टाने स्वतः दिले. दुकानदारांनी त्यांना दहाच चिप्स मोजून दिल्या आणि अकरावी चंदेरी कागदात गुंडाळून पुन्हा खणात टाकली. आम्ही तिघेही पाहतच राहिलो.

"याने नाही घेतली," ते म्हणाले, "तरी उद्या कोणीतरी येईल की एकच मागणारा."

पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मी वाचले, की रास्पबेरी पाय हा छोटा संगणक करणाऱ्या इंग्लंडातल्या कंपनीने एक लाखाहून अधिक नग एकेकटे घेणाऱ्यांसाठी राखून ठेवले. टंचाईत तिने धंदेवाल्यांना आधी माल दिला होता. आता हौशींची पाळी आली. लाखाचा आकडा मोठाच, पण मला तो बुधवार पेठेतल्या त्या खणापेक्षा मोठा वाटला नाही. २०२३ मध्ये टंचाई ओसरली आणि कित्येकांच्या गोदामांत साठवलेला माल पडून राहिला. तीनशे मागवणाऱ्यांचे तीनशे आले होते!

मुलाची घंटा आजही त्यांच्या पायरीशी आहे. तांब्याच्या तारा पाण्याने हिरव्या पडतात, म्हणून मृगाच्या आधी तो त्या चिंचेने घासतो. त्या २०२२ च्या पावसाळ्यात पाणी पायरीपर्यंत आलेच नाही, तेव्हा घंटा वाजली नाही. त्याच्या आईला मी विचारले, "वहिनी, यंत्राचा काही उपयोग?"

त्या म्हणाल्या, "झाला की गुरुजी. वाजत नाही, म्हणून तर झोप लागते."