टर्बो उतरवला कशासाठी?

जुन्या टर्बोचा फोटो मोबाइलवर पाठवला की पहिला प्रश्न ठरलेला, "फायनल किती?" विचारायला हवं ते वेगळंच, हा उतरवला कशासाठी? अपघातात चेसिस गेली म्हणून निघालेला टर्बो वेगळा आणि पिकअप नाही म्हणून काढलेला वेगळा. विकताना मी हे कारण किमतीच्या आधी सांगतो.

आमच्या शिराळा भागात टर्बो मरतो तो बहुतेक तेलापायी. इंजिन चार हजार फेऱ्यांवर असतं तेव्हा टर्बोचा शाफ्ट दीड-दोन लाखांवर फिरत असतो, आणि बहुतेक गाड्यांत तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. वडापवाला चांदोलीकडून भरली गाडी दामटत आणतो आणि स्टँडवर थांबल्या थांबल्या चावी फिरवतो. तेलाचा दाब गेला, शाफ्ट अजून फिरतोय, टर्बाइनची धग बेअरिंगकडे सरकतेय. उरलंसुरलं तेल तिथंच जळून त्याचा कोळसा होतो. मिनिटभर आयडलिंगवर ठेव म्हटलं की डिझेलचा भाव ऐकवतात!

पण 'ऑइल मारतोय' म्हणून उतरवलेल्या टर्बोंतले काही निर्दोष असतात. टर्बोतलं तेल खाली चेंबरमध्ये परततं ते केवळ उतारानं. ड्रेन पाइप चोक झाला, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून चेंबरमध्ये गॅसचा दाब वाढला, की तेल परत जात नाही, सीलमधून बाहेर पडतं. मालक नवा टर्बो बसवतो आणि तोही ऑइल मारायला लागतो. जुना मात्र भंगाराच्या भावात कुणाच्या तरी हाती लागतो. असे टर्बो मी आवडीनं घेतो.

तपासणी बोटांनीच सुरू होते. शाफ्ट आडवा थोडा हलणारच. तेल नसताना बुश सैल असतो, त्याला घाबरू नये. पुढं-मागं मात्र बोटाला जाणवेल एवढा प्ले नको. मी डायल गेज लावून त्याचा व्हिडिओच पाठवतो. हवेकडच्या पंख्याच्या कडा झिजून धारदार झाल्या असतील तर गाडी फाटक्या एअर फिल्टरवर धुळीत पळाली आहे. टर्बाइनच्या पात्यांना टवके असतील तर इंजिनातलंच काहीतरी तुटून गेलंय. शाफ्ट निळा पडलेला दिसला की तेल कमी पडलंय, मग पुढची बोलणीच नकोत. चकचकीत टर्बोबद्दल मला जास्त शंका येते, सँड ब्लास्टिंगचा एक कण बेअरिंगमध्ये राहिला तरी पुरे.

हौशी गिऱ्हाइकांची तऱ्हा निराळी. रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो २०१५ साली १४५ अश्वशक्ती घेऊन आली. पुढं फियाटची विक्रीच थांबली, पण तिचे मालक एकेका बोल्टाची चौकशी करतात. अशा माणसाला माल विकण्यात मजा असते. त्याच फियाटच्या १.३ डिझेल इंजिनावर स्विफ्ट पळाल्या. तिथली मागणी ठरलेली, ७५ अश्वशक्तीच्या गाडीला ९० वाल्याचा व्हीजीटी टर्बो हवा. त्यातली पाती आतल्या आत हलतात आणि त्यांना हलवणारा हुकूम ईसीयूचा असतो. नुसता टर्बो बोल्टांनी कसून काय होणार? शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, दोन्हीही होऊ शकतं. म्हणून मी आरसीवरचं मॉडेल विचारतो, आणि टर्बोच्या पाटीवरचा नंबर जुळवल्याशिवाय पैसे घेत नाही.

पार्सल करताना तेलाची भोकं बंद करायची आणि टर्बो ॲक्च्युएटरच्या दांडीला धरून कधीच उचलायचा नाही, तिचं सेटिंग बिघडतं. घेणाऱ्यानं इंटरकूलर धुवावा, ऑइल आणि फिल्टर बदलावं, तेलाच्या भोकात चमचाभर ऑइल ओतून शाफ्ट हातानं फिरवावा आणि मगच स्टार्टर मारावा. तेलाचा पाइपही नवा हवा, जुन्यात तोच कोळसा बसलेला असतो. एवढ्याशा पाइपासाठी कुरकुर करणाऱ्याला मी टर्बो देत नाही, आठ दिवसांनी शिव्या मलाच पडणार असतात.