गाळलेले चाळीस सेकंद

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, प्रवचनाची मांडणी कशी करावी हेही शिकविले. चित्रफीत कशी कापावी हे मात्र कोणी शिकविले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, चर्चची दारे बंद झाली आणि रविवारचे मिस्साबलिदान घरोघरी पोहोचविण्यासाठी पन्नाशी उलटलेल्या या धर्मगुरूला मोबाइल हाती घ्यावा लागला. धर्मग्रामातील एक कॉलेजकुमार माझा गुरू झाला.

त्याचा पहिला धडा : फोन आडवा धरायचा. दुसरा : आरंभीचा आणि शेवटचा तुकडा उडवायचा, कारण त्यात बटण दाबावयास वाकलेले फादर तेवढे दिसतात. तिसरा धडा मला फार आवडला. शब्दाच्या मधोमध कापू नये, वक्ता श्वास घेतो तेथे कापावे. म्हणजे सांधा कळत नाही. चित्राची पट्टी वर आणि आवाजाची खाली अशी वेगळी मांडता येते, पंख्याची घरघर कमी करून तेथे पेटीचे सूर घालता येतात, हे पाहून तर मी हरखूनच गेलो. ज्या ॲपवर हात बसला होता, त्या ‘व्हिवा व्हिडिओ’वर जूनअखेर सरकारने इतर अठ्ठावन्न ॲपांसह बंदी घातली. मग ‘काइनमास्टर’वर पुन्हा श्रीगणेशा! माझा गुरू हसून म्हणाला, “फादर, ॲप बदललं तरी कात्री तीच हाय की.”

त्याच पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ वारले. अंत्यविधीस वीसच माणसांची मुभा. थोरला मुलगा आखातात. नेहमीची विमाने बंद. त्याच्यासाठी मी सारा विधी मोबाइलवर घेतला. रात्री कापावयास बसलो. व्हॉट्सॲपवर तेव्हा सोळा मेगाबाइटांपलीकडची चित्रफीत जात नसे, त्यामुळे काटछाट अटळ होती. पण खरे सांगावयाचे तर एक तुकडा मी जागेसाठी कापला नाही. शवपेटी झाकण्यापूर्वी मावशी पुढे आल्या आणि पतीशी मोठमोठ्याने बोलू लागल्या. बोलणे कसले, भांडणच ते. चाळीसेक सेकंदांचे. मला ते चारचौघांत फिरावे असे वाटले नाही. श्वासाची जागा पाहून दोन्ही टोकांना कापले, वर पेटीचे सूर पसरले. सांधा कोणास कळला नसता. फोनची जागा भरली होती म्हणून मूळ चित्रणही पुसून टाकले.

चार महिन्यांनी मुलाचा फोन आला. “फादर, सगळे सांगतात, आई बाबांशी बोलली म्हणून. मला तेवढंच बघायचं होतं. तुमच्याकडे असेल ना?”

मी ॲप उघडले. प्रकल्प तेथे होता, पण चित्रांच्या जागी काळ्या चौकटी. असे ॲप चित्र स्वतःजवळ साठवीत नाही, फोनमधील मूळ चित्रणाचा पत्ता तेवढा जपून ठेवते, हे तेव्हा कळले. मूळ असेपर्यंत कापलेला तुकडा हवा तेव्हा ओढून परत आणता येतो. मूळ पुसले की सारे संपले. कचरापेटीत गेलेली चित्रणेही काही आठवड्यांनी आपोआप नाहीशी होतात. मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ कोल्हापूरकरांना अभिमानाचा. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा याच गावात घडविला. त्यांच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’त कीचकवधाचे दृश्य इतके भयंकर वठले, की सेन्सॉरने ते कापावयास लावले. पूर्वी मला त्या सेन्सॉरचे हसू येई. आता तेथून जाताना येत नाही. शिवाय त्या काळी फिल्म खरोखरीच कात्रीने कापून द्रावणाने जोडीत. निदान कापलेली पट्टी हातात तरी उरे.

आता मी बाप्तिस्मा असो वा लग्न, मूळ चित्रण आधी वेगळ्या डिस्कवर उतरवितो, नाव-तारीख घालतो आणि मगच कात्री उचलतो. काय गाळावे, हे घरच्यांना विचारतो.

वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर मावशी सॅक्रिस्टीच्या दाराशी भेटल्या. मुलाने त्यांना काही सांगितले नव्हते, हे त्यांच्या बोलण्यावरून उमगले. धीर करून मी विचारले, “मावशी, त्या दिवशी तुम्ही त्यांना काय म्हणालात?”

“मला कुठलं आठवतंय, फादर?” त्या पदर सावरीत म्हणाल्या. “तुमच्या फोनात असंल की.”