पपनस

संध्याकाळी फडके रोडवर गणपतीची फळं घ्यायला गेलो. टोपलीत पपनस होतं, पिवळट, बाळाच्या डोक्याएवढं. हात पुढे गेला आणि थांबला.

आईची किडनी माझ्या पोटात बसवली त्याला आता दोन वर्षं होतील. टॅक्रोलिमस सकाळी ९ला, रात्री ९ला. शरीराने तिला परकी मानू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची. मग मोडाची कच्ची मटकी, गाडीवरची कापलेली फळं, पाणीपुरीचं पाणी, न तापवलेलं दूध, सगळं बंद. ते पटतं, जंतूंचा मामला आहे. पपनसाचं वेगळं. त्यात वाईट काहीच नसतं. फक्त औषध मोडणाऱ्या आतड्यातल्या एन्झाइमला ते अडवतं, रक्तात औषध वाढतं, आणि वाढलेलं औषध किडनीलाच बाधतं. (ग्रेपफ्रूटचंही तेच, पण डोंबिवलीत ते खातं कोण?)

ठाण्याला गेलो की मामलेदार मिसळीपाशी अजून पाय रेंगाळतात. उकळता रस्सा चालेल, अशी मी स्वतःशीच वकिली करतो आणि वरच्या कच्च्या कांद्यापाशी खटला हरतो.

पपनस घेतलंच, देवापुढे ठेवायला. पूर्वी आई त्याच्या गुलाबी फोडी सोलून माझ्यासाठी झाकून ठेवायची.

"तू खा की. तुला चालतं," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. दूध तापवता तापवता तिचा हात कुशीवर गेला. ९ला दहा मिनिटं होती.